भैरूची चार नाणी

हिवरवाडीत भैरू नावाचा एक भोळा गडी राहत होता. भोळा हे आपलं आपण म्हणायचं. गावात त्याला दुसरा शब्द होता, तो पोराबाळांसमोर नको. सांगितलेलं काम तो सांगितलं तस्संच करायचा आणि एकदा शिकलेला धडा जन्मात विसरायचा नाही. सगळा घोटाळा त्या न विसरण्यानंच व्हायचा.

त्याची बायको गोदू. घरात जुळी पोरं, दोन्ही दुधासाठी रडणारी. शेजारच्या रखमाबाईचं दूध म्हणजे पाण्याला आलेला पांढरा रंग. गोदूला दारात म्हैस हवी होती, बाकी काही नको. तिच्या बापानं मरताना लेकीला चार जुनी नाणी दिली होती. ती विकून म्हैस आणायची असं ठरलं.

"पेठेत पोतदारकाका बसत्यात. जुन्या नाण्यांची पारख हाय त्यांना," गोदू म्हणाली. "एकेक करून न्या. हरवलं तर एकच हरवंल."

पहिलं नाणं राणीछाप रुपया, काळाकुट्ट. असलं कळकट नाणं न्यायची भैरूला लाज वाटली. त्यानं चिंच घेतली, राख घेतली आणि राणीचं नाक जाईपर्यंत घासलं.

पोतदारकाकांनी डोळ्याला भिंग लावलं आणि मग कपाळाला हात लावला. "अरे, त्या काळेपणालाच किंमत होती. आता मोडीच्या भावानं घेईन. जुनं नाणं जसं असेल तसं आणायचं. पुसायचंसुद्धा नाही."

"बरं," भैरू म्हणाला.

दुसऱ्या खेपेला वाटेत त्याला ठेच लागली आणि नाणं ताज्या शेणात पडलं. भैरू जरा थांबला. जसं असेल तसं आणायचं होतं. त्यानं शेणाचा अख्खा पो दोन्ही हातांनी उचलला, पेठेत नेला आणि काकांच्या पांढऱ्याशुभ्र गादीवर ठेवला.

"यात हाय," तो म्हणाला.

काकांनी नाक धरून नाणं उकरून काढलं. नाण्याची किंमत नव्या गादीत गेली. "नाणं कडेनं धरून आणायचं," ते शेवटी म्हणाले. "बोट लागता कामा नये. समजलं?"

"समजलं," भैरू म्हणाला, आणि त्याला खरंच समजलं होतं.

तिसरं नाणं तांब्याची शिवराई. भैरूनं चुलीजवळची सांडशी घेतली, शिवराई कडेनं पकडली आणि तीन कोस तशीच आवळून चालला. वाटेत लोकांनी रामराम केला, पण त्यानं पकड ढिली केली नाही. पेठेत पोचेपर्यंत शिवराईला दोन्हीकडून खाचा पडल्या होत्या. काकांनी चहापुरते पैसे दिले. या वेळी त्यांनी काही शिकवलंही नाही.

त्या दिवशी गोदू रडली. मग डोळे पुसून तिनं चौथं नाणं पिशवीत शिवलं आणि पिशवी नवऱ्याच्या गळ्यात बांधली. "काका सोडवतील. तुमी काय बी करू नगा."

भैरूनं काही केलं नाही. काकांसमोर तो दुपारपर्यंत नुसता उभा राहिला. गिऱ्हाईक पांगल्यावर काकांचंच लक्ष पिशवीकडे गेलं.

ते नाणं विचित्र होतं. छाप एका बाजूला सरकलेली, राजाचा अर्धा चेहरा नाण्याबाहेर. काकांनी भिंग पुसून पुन्हा डोळ्याला लावलं.

"अरे, टाकसाळीतली चूक आहे ही. नाणं पाडताना साचा सरकला. असली नाणी तिथंच वितळवतात. एखादंच निसटतं."

"म्हंजी बिघडल्यालं हाय?"

"बिघडलंय म्हणूनच मोल आहे. जितकी मोठी चूक, तितकी मोठी किंमत. लोकांना कळत नाही, पारख्याला कळतं."

त्यांनी चांगली म्हैस येऊन वर थोडे उरतील इतके पैसे दिले. "आज गुरांचा बाजार आहे," ते म्हणाले. "म्हैस घेऊनच घरी जा." मोठा जाणता माणूस, पण इथं चुकला.

बाजारात पहिली म्हैस काळीभोर, तकतकीत.

"धुतलीय का?" भैरूनं विचारलं.

"सकाळीच घासून धुतली, पाव्हणं."

"मग किंमत गेली तिची."

दुसरीच्या मालकानं छाती ठोकून सांगितलं, "हिच्यात एक खोट दाखवा."

भैरूनं मन लावून शोधली, मिळाली नाही. "मग काय उपयोग," म्हणून तो पुढे गेला.

शेवटी एका कोपऱ्यात त्याला हवं ते दिसलं. मालक प्रामाणिक होता. त्यानं खरं काय ते दोनदा सांगितलं. ते ऐकून भैरूचे डोळे चमकले. मागितली ती किंमत त्यानं दिलीच, वर उरलेले पैसेही दिले, मालकाचं मन फिरू नये म्हणून.

गोदू चरवी घेऊन दारात उभी होती. दोन्ही पोरं तिच्या पदराला लोंबकळत होती. तिनं जनावराला कुंकू लावलं, ओवाळलं, आणि दूध काढायला खाली बसली. बसली ती बसलीच.

"अवं," ती म्हणाली, "ह्यो रेडा हाय."

"हळू बोल," भैरू तिच्या कानाशी वाकला. "रखमाबाईला कळंल. देवानं म्हैसच पाडाय घेतली हुती, साचा सरकला."