भिवराची शेवटची ओळ

एका राज्यात मेलेल्या माणसाला लिहून ठेवायची रीत होती. दहाव्या दिवशी घरच्यांनी सूर्य बुडायच्या आत त्याचा नामलेख पुरा करावा आणि मग तो देवळाच्या कोनाड्यात ठेवावा. लेख झाला की गेलेला माणूस घरच्यांच्या आठवणीत राही. नाही झाला, तर त्याचं नाव, चेहरा, बोलणं सगळं त्या सांजेपर्यंत साऱ्यांच्या मनातून पुसत जाई.

आणि सात वर्षं त्या राज्यात एकही लेख पुरा झाला नव्हता. लिहिणारा शेवटच्या ओळीपाशी आला की त्याचा हात दगडाचा होई आणि वरची सारी शाई वाफेसारखी उडून जाई. घरोघरी एक पाट जास्तीचा होता. त्यावर कोण बसायचं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या राज्यात हैबती आणि त्याची थोरली बहीण भिवरा कड्यावरची मोहळं उतरवत. भिवरा दोराला लटकून खाली जाई, हैबती वर दोर धरून बसे. शाळेत हैबती तीन महिने गेला होता. पंतोजींनी कान पिळला, त्याने पंतोजींचं पागोटं विहिरीत टाकलं, तिथेच शिक्षण संपलं. पुढची अक्षरं भिवराने शिकवली, तीही धपाटे घालून.

मग एके दिवशी दोर तुटला.

आज दहावा दिवस होता. दहा दिवसांत हैबती एका जागी बसला नव्हता. अंगणात येई, आत जाई, पुन्हा अंगणात येई. सांज जवळ आली तेव्हा आई एक घोंगडी घेऊन दारात उभी राहिली.

"हैबत्या, ही घोंगडी कुणाची रे? आपण तर दोघंच."

हैबतीने लेखाचा कागद उचलला. तो धावत सुटला तो थेट राजवाड्याच्या तळ्यापाशी थांबला. तिथे काठावर एक टिटवी एका पायावर उभी होती.

"कुठे निघालास, मधवाल्या?"

"लेख लिहायला."

"तुला लिहिता येतं?"

"थोडं."

"थोडं पुरे. लेख पुरे न होण्याचा हा शाप ज्याने घातला, त्या जादूगाराच्या खांद्यावर मी बसत होते. जादूगार गेला, मी राहिले. ऐक. लिहायला या तळ्यातला बोरू हवा. शाईला राणीच्या महालातल्या दिव्याची काजळी हवी, तीही राजाने आपल्या हाताने दिलेली. आणि एकदा बसलास की शेवटची ओळ होईपर्यंत उठायचं नाही. एक लेख पुरा झाला की शाप तुटला. सूर्य बुडायला तीन घटका आहेत."

"तीनच?"

"बोलण्यात थोडी गेली."

तळ्यातले बोरू येणाऱ्याचं पाऊल ओळखत आणि मागे सरत. सात वर्षांत मोठमोठे पंडित विचार करत करत आले आणि काठावरूनच परतले. हैबतीने विचार केला नाही. कागद काठावर ठेवला आणि धोतरासकट उडी टाकली. बोरूंना सरायला वेळच मिळाला नाही, एक त्याच्या मुठीत आला.

राणीच्या महालाच्या दारात राजा सुकेतू स्वतः पहारा देत बसला होता. मांडीवर रत्नजडित पेटी. राज्याचा सगळा खजिना उघडा पडला होता, आणि पहारा एवढ्या पेटीवर.

"महाराज, दिव्याची काजळी द्या."

"मिळणार नाही. या पेटीत राणीचा लेख आहे. फक्त शेवटची ओळ राहिली आहे. ती लिहिली की राणी गेली. म्हणून मीच जादूगाराला सांगितलं, ही ओळ कधी लिहिली जाऊ नये. त्याने साऱ्या राज्याच्याच ओळी बांधल्या. बांधू दे. माझी राणी आहे."

हैबतीचं डोकं फिरलं. राजापुढे कसं बोलावं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

"आहे? मग नाव सांगा तिचं."

राजाने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. त्याने पेटी उघडली. आत कोरा कागद होता.

राजाने कागद उलटून पाहिला. मग उठला, आत गेला, आणि दिव्यावरची काजळी बोटाने खरवडून त्याने हैबतीच्या हातावर ठेवली.

"तुझं कोण गेलं, पोरा?"

"अक्का."

"तिचं नाव आठवतंय तोवर पळ."

हैबतीने तळ्याच्या पाण्यात काजळी कालवली आणि काठावरच मांडी घातली. समोर वाड्याच्या चौकात शेवटच्या घटकेचं घटिकापात्र पाण्यावर सोडलेलं होतं; ते बुडलं की सूर्य बुडाला. भोकातून पाणी आत चढत होतं. हैबतीने लिहिलं: "पुण्यशील, सद्गुणांची खाण." शाई कागदावरून घरंगळून गेली.

टिटवी म्हणाली, "ही कोण बाई? हिला मी ओळखत नाही."

"लेखात असंच लिहितात!"

"मग राहिलीच तर ही बाई राहील, तुझी अक्का नाही. उठतोस कुठे? बस!"

पाय शिवशिवत होते. तो दोनदा अर्धा उठला, दोनदा टिटवीने पोटरीला चोच मारली. पात्र अर्धं भरलं. भिवराचं नाक कसं होतं, ते आता आठवेना. तो घाबरला, आणि घाबरून जे सुचेल ते वेडंवाकडं लिहीत सुटला.

"भिवरा. माझी अक्का. मला मारायची. शिट्टी वाजवायची. आई म्हणायची बाईने वाजवू नये, मग जोरात वाजवायची. मोहळ कधी पुरतं कापलं नाही. माश्यांना काय उपाशी मारतोस काय रे म्हणायची. गाठी तीच मारायची. माझ्या गाठीवर तिचा भरवसा नव्हता. त्या दिवशी मीच मारली."

इथे हात थांबला. कोपरापर्यंत गार झाला. एकच ओळ राहिली होती, आणि ती कोणती, हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"लिही की!" टिटवी ओरडली. "काठापर्यंत पाणी आलं!"

"ते लिहिलं की ती मेली."

"आणि नाही लिहिलं तर ती कधी नव्हतीच."

हैबतीने डाव्या हाताने उजवा हात धरला आणि कागदावर ओढला. एकेक अक्षर उतरलं.

"गाठ सुटली नाही. दोर तुटला. मी वरून पाहिलं. भिवरा मेली."

पात्र बुडालं. सूर्य बुडाला. शाई जागची हलली नाही.

आणि राज्यभर घराघरांतून एकदम आक्रोश उठला. कुणी आपल्या पोराचं नाव घेतलं, कुणी धन्याचं, कुणी सात वर्षांमागे गेलेल्या सासूचं. वाड्याच्या सज्जातून राजाचा आवाज आला, "कुमुदा! कुमुदा!" त्याच रात्री राजाने पाट मांडून राणीचा लेख आपल्या हाताने पुरा केला, आणि सकाळी सात वर्षांनी न्यायासनावर बसला.

हैबती लेख कोनाड्यात ठेवून घरी पोचला तेव्हा आई अंगणात घोंगडी तोंडाशी धरून हंबरडा फोडत होती. "भिवरे, माझ्या भिवरे गं!" त्याला पाहताच तिने त्याच्या पाठीत दोन गुद्दे घातले, आणि मग त्याला छातीशी ओढलं. दहा दिवसांत पहिल्यांदाच तो रडला.

ज्याचं नाव त्याला मिळालं, ज्याचं रडणं त्याला मिळालं, आणि राज्य पुन्हा राज्यासारखं चालू लागलं.