दमडीचे माहेर

एकदा एका व्यापारी पेठेत दूरदेशीचा एक तांबट बायकोमुलांसह येऊन उतरला. भांडी घडवण्यासाठी त्याला भट्टीपुरती जागा हवी होती. पेठेचे निवाडे एक वृद्ध आचार्य करीत. त्यांच्यापुढे कापसाच्या व्यापाऱ्याने ठणकावले, "आचार्य, आज याला जागा दिलीत तर उद्या रांग लागेल! परक्याला इथे थारा नको. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, अशी आम्ही अस्सल इथली माणसे!"

तांबटाची बायको सोडलेले गाठोडे मुकाट्याने पुन्हा बांधू लागली.

आचार्यांचा शिष्य दूर परदेशी शिकून नुकताच परतला होता. तो उसळून काही बोलणार, तोच आचार्य म्हणाले, "शेटजी, कनवटीचे एक नाणे द्या पाहू."

आणि ते नाणे त्यांनी दगडी पायरीवर आपटले! खण्ण असा नाद उठला. आचार्य डोळे मिटून ऐकत राहिले.

"अहो, माझे नाणे खोटे वाटले की काय?" शेटजी भडकले.

"छे, छे! बाळ, दमडीचे माहेर कुठले, ते सांग यांना."

शिष्याचा चेहरा उजळला. "यवनांच्या, म्हणजे ग्रीकांच्या देशात, गुरुजी! तिथे द्राख्मा नावाचे चांदीचे नाणे होते. ते नाव इकडे आले आणि आपल्या जिभेवर झिजत गेले. आधी द्रम्म, मग दाम, आणि दामाची धाकटी लेक दमडी! शेटजी, तुमच्या त्या म्हणीत एक यवन मांडी घालून बसला आहे हो!"

सारी पेठ हसली.

"काहीतरीच! आमची दमडी परकी?"

"होती," आचार्य म्हणाले. "पण आपल्या पूर्वजांनी त्या नाण्याचे गाव विचारले नसेल. वाजवून पाहिले असेल. नाद खरा निघाला, म्हणून ठेवून घेतले, आणि वापरता वापरता ते आपलेच झाले. माणसाला निराळा न्याय कशाला? यालाही वाजवून पाहा. खोटा निघाला, तर मी स्वतः त्याला वेशीबाहेर पोहोचवीन."

शेटजींनी तांबटाची एक कळशी उचलली. टिचकी मारली. कान लावला. मग उलटीसुलटी करून सांधा शोधला, तो सापडेना. कळशी अलगद खाली ठेवली.

"कोपऱ्यावरची जागा घे," ते अखेर गुरगुरले. "आणि भट्टीचे तोंड तिकडे कर, बाबा. इकडे माझा कापूस आहे."