फुकटचा सर्व्हर, विकतचा सर्व्हर

"फुकटचं घ्यायचं की विकतचं, तेवढंच सांगा बुवा. तुम्ही म्हणाल ते करतो."

अच्युतबुवा शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"काय घ्यायचं रे?"

"सॉफ्टवेअर. आपल्या सर्व्हरसाठी."

पुष्कर हसबनीस पुण्याहून सकाळच्या गाडीने आंबेघरच्या मठात आला होता. कॉम्प्युटरमधला माणूस. मठात माइक बिघडला, कुणाचा फोन अडला, की "पुष्करला विचारा" असंच सगळे म्हणायचे. त्यालाही ते आवडायचं, खोटं कशाला बोला.

"सर्व्हर म्हणजे तो तुझ्या घरातला डबा ना?" बुवांनी विचारलं.

"हो. घरच्या सगळ्यांचे फोटो, गाणी, कागदपत्रं त्यात एका जागी ठेवायची. कुठूनही उघडायची. पण तो चालवायला सॉफ्टवेअर लागतं. एक फुकट मिळतं, एक विकत. वर्षभर मी दोन्हींची तुलना केलीय, बुवा. हे बघा."

त्याने लॅपटॉप उघडून पुढे सरकवला. पडद्यावर लांबलचक तक्ता. बुवांनी चष्मा न लावताच तो पाहिला.

"बरंच लिहिलंयस की."

"बेचाळीस मुद्दे आहेत! फुकटचं जगभरच्या लोकांनी मिळून बनवलंय. आत काय आहे ते कुणीही उघडून बघावं. पण अडलं तर आपलं आपण निस्तरायचं. विकतचं सोपं. बटण दाबलं की काम. अडलं तर फोन उचलायला माणूस. फक्त, उद्या कंपनीच्या मनात आलं आणि त्यांनी ते बंद केलं…"

"तर?"

"तर आपण लटकलो."

"मग तुझं मन कुठे आहे?"

"आधी फुकटच्याकडेच होतं. विकतचं घेणाऱ्यांना मी बिनडोक म्हणायचो. लेखसुद्धा लिहिला त्यावर, हजारो लोकांनी वाचला. मग म्हटलं, विकतचंही एकदा लावून बघावं. तुलना कशी पुरती झाली पाहिजे."

"लावलंस?"

"लावलं."

"मग?"

पुष्कर पडद्यावरचा तक्ता उगाच वरखाली सरकवू लागला.

आता मधली हकीकत सांगायलाच हवी, नाहीतर तो कुठे अडला होता ते कळायचं नाही.

अच्युतबुवांचे गुरू, ज्यांना सगळे थोरले बुवा म्हणायचे, ते जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. त्यांची तीनशे दहा प्रवचनं कॅसेटवर होती. कॅसेटींना बुरशी धरायला लागली, तेव्हा शेवंताआक्का पुढे झाल्या. आक्का प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. चार वर्षं, जमेल त्या दुपारी, एकेक कॅसेट वाजवून त्यांनी ती मठातल्या लॅपटॉपवर उतरवली. कॅसेट दीड तासाची असेल तर दीड तास बसायचं. त्या कामाला घाई चालत नाही.

काम संपलं आणि पुष्कर म्हणाला, "द्या माझ्याकडे. माझ्या सर्व्हरमध्ये दोन-दोन डिस्क आहेत. एक गेली तरी दुसरी आहे. आता याला मरण नाही!"

सगळं त्याच्या घरी गेलं. मठातला लॅपटॉप त्याने स्वतः, आतलं सगळं पुसून, गावातल्या शाळेला देऊन टाकला. राहिल्या कॅसेटी. जीर्ण पोथी किंवा भंगलेली मूर्ती आपण कचऱ्यात टाकत नाही, पाण्यात सोडतो. कॅसेटींत तर साक्षात गुरूंचा आवाज. "आता कशाला ठेवताय? सोडा की नदीत," हेही पुष्करच म्हणाला होता. पौषातल्या पौर्णिमेला टाळ वाजवत सगळ्या कॅसेटी डोहात सोडल्या. आक्कांनी वरून फुलं वाहिली.

आणि मग तुलनेच्या नादात साहेबांनी विकतचं सॉफ्टवेअर लावायला घेतलं. त्या सॉफ्टवेअरने आधीच विचारलं होतं, या डिस्क मी घेऊ का, आतलं सगळं पुसलं जाईल. पुष्करने बेलाशक हो म्हटलं. दुसरी डिस्क आहे की!

पण त्या दोन डिस्क जोडीने बांधलेल्या. एकीवर लिहिलं की दुसरीवर लिहिलं जायचं आणि एकीवर पुसलं की दुसरीवरही पुसलं जायचं. हे त्याला माहीत नव्हतं म्हणावं, तर तसंही नाही. त्याच्याच लेखात ठळक अक्षरांत होतं, की अशा जोडीला राखीव प्रत समजण्याचा मूर्खपणा करू नका.

तीन आठवडे तो पुसलेलं परत मिळवून देणाऱ्यांचे उंबरे झिजवत होता. सगळ्यांनी माना हलवल्या.

आणि आजचा त्याचा बेत? सांगायलाही लाज वाटते. बुवांच्या तोंडून कुठल्यातरी एका सॉफ्टवेअरचं नाव काढून घ्यायचं, नवाकोरा सर्व्हर मठात आणून बसवायचा, हारतुरे व्हायचे, आणि मग कधीतरी सहज म्हणायचं, "जुन्यातलं काही काही उघडत नाहीये हं." मठाला दुःख होईल, पण दोष यंत्रावर जाईल. रात्ररात्र जागून त्याने हे जुळवलं होतं.

"मग?" बुवांनी पुन्हा विचारलं.

"मग… दोन्हींत गुणदोष आहेत."

"असतील. बरं, थोरल्या बुवांचं एखादं ऐकव. आलायस तर."

पुष्करने लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला.

तेवढ्यात आक्का चहा घेऊन ओसरीवर आल्या. 'ऐकव' एवढंच त्यांच्या कानावर पडलं होतं.

"अगं बाई, लावतोयस? थांब थांब, मी बसते!" त्यांनी चहा खाली ठेवला आणि पदर सावरून भिंतीला टेकल्या. "ते लाव रे, मांजराचं."

"मांजराचं?"

"असं काय करतोस! थोरले बुवा मोक्षावर बोलत असतात, तेवढ्यात मांजर येऊन ओरडतं. बुवा थांबतात आणि म्हणतात, आधी हिला दूध द्या, मोक्ष कुठे पळून जात नाही." आक्का स्वतःशीच हसल्या. "सोळा वेळा ऐकलंय मी ते. तुला नाही आठवत?"

पुष्करला काहीच आठवत नव्हतं. लॅपटॉपच्या बटणांवर नुसतीच बोटं फिरवत तो म्हणाला,

"आक्का, ते… उघडत नाहीये."

"मांजराचं?"

"कुठलंच."

बुवांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

आक्कांनी हळूच विचारलं, "माझंच काही चुकलं का रे? नीट उतरलं नसेल. मला मेलीला त्यातलं काय कळतंय… वायर सैल राहिली असेल. मधून मधून खरखर यायची, तेव्हाच मी विचारायला हवं होतं कुणाला तरी." त्यांचे डोळे भरले. "चार वर्षं सगळ्यांना सांगत फिरले, मी उतरवते म्हणून."

सुटायला वाट आयती समोर आली होती. नुसतं "असेल" म्हटलं असतं तरी भागलं असतं. पुष्करच्या ओठांपर्यंत ते आलंही होतं, तेवढ्यात त्याने आक्कांकडे पाहिलं. त्या आपल्याच बोटांकडे बघत होत्या.

त्याला वाटलं, मेलो असतो तर बरं झालं असतं.

"तुमचं काही चुकलं नाही, आक्का. सगळं नीट होतं, एकूण एक. मीच पुसलं. विकतचं चांगलं की फुकटचं ते बघायच्या नादात… मीच हो म्हटलं. आणि आज ते लपवायलाच आलो होतो."

आक्का त्याच्याकडे बघतच राहिल्या. रागावल्या असत्या तर सोसलं असतं. त्यांनी फक्त एकदा नदीकडे पाहिलं आणि डोळ्यांना पदर लावला.

बुवांनी हातातली शेंग सुपात टाकली.

"पुष्कर," बुवा म्हणाले.

"जी."

"त्यातली किती ऐकली होतीस तू?"

"बुवा…"

"किती?"

"एकही नाही." आता त्याला रडू आवरेना. "सगळं मिळून किती जागा लागते ते मला तोंडपाठ आहे, बुवा. आत काय होतं ते मात्र… मला शिक्षा द्या. काहीही द्या. पुन्हा मठाची पायरी चढू नको म्हणा."

बुवांनी सूप बाजूला केलं आणि आपण थोडे सरकले. आता त्यांच्या आणि आक्कांच्या मध्ये एका माणसापुरती सतरंजी मोकळी झाली. बुवांनी तिच्यावर हाताने थोपटलं.

पुष्कर उठला. येऊन बसला. मान खालीच.

"आक्का," बुवा म्हणाले, "पहिल्या कॅसेटची सुरुवात कशी आहे हो?"

आक्कांनी नाक पुसलं. डोळे मिटले.

"खोकल्यापासून. थोरले बुवा आधी दोनदा खोकतात. मग कुणाला तरी म्हणतात, तू मागे का बसलास, पुढे ये…" त्यांचा आवाज अजून कापत होता, पण शब्दाला शब्द लागत गेला. "मग म्हणतात, काल मला एकाने विचारलं…"

पुष्करने दचकून मान वर केली. आक्कांना येत होतं! सगळं नसेल, पण येत होतं. त्याने घाईघाईने खिशातून फोन काढला.

"थांबा आक्का, एक मिनिट, एकच मिनिट थांबा! मी रेकॉर्ड करतो. बुवा, कशात घेऊ? फोनमध्ये घेऊ की लॅपटॉपवर? लॅपटॉपवर आवाज साफ येईल, पण फोनमध्ये—"

बुवांनी त्याच्या फोनवर हात ठेवला.

"आधी ऐक."