रिकाम्या बाकांवरचे पेपर

एकदा एका तालुक्याच्या गावी एका विद्यालयाला शासनाचे अनुदान मिळाले, आणि त्या अनुदानामुळे अकरा मुलांना शाळा सोडावी लागली. वाक्य चुकून उलटे लिहिले गेले, असे वाचकाला वाटेल. तसे नाही. कसे घडले ते क्रमाने सांगतो.

योजना वाईट नव्हती. बारावी झालेली मुले महाविद्यालयात जातात आणि पहिल्या सहामाहीतच गळतात, कारण इंग्रजी पुस्तकातला उतारा त्यांना उलगडत नाही, शेकडेवारीचे साधे गणित अडते, आणि कोणत्या शाखेला पुढे काय लागते हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. अशा कच्च्या मुलांना बारावीतच तयार करावे, त्यांच्यासाठी जादा शिक्षक नेमावेत, पुस्तके घ्यावीत, म्हणून शासनाने काही विद्यालये निवडून त्यांना अनुदान दिले. ज्याने हे योजिले त्याने कधीतरी कच्चे मूल जवळून पाहिले असावे. अट एकच होती. वर्षाच्या शेवटी बारावीच्या मुलांची चाचणी होईल; शंभरातली नव्वद मुले तीत उत्तीर्ण झाली तर अनुदान पुढे चालेल, नाहीतर थांबेल. ही अट घालणारा मात्र दुसराच कुणीतरी असणार.

विद्यालयाचे मुख्याध्यापक विश्वनाथ हे सज्जन गृहस्थ होते. शाळेच्या खर्चाने ते चहासुद्धा घेत नसत. त्यांनी इंग्रजी आणि गणित यांना एकेक शिक्षक नेमला, एक खोली रंगवून घेतली, आणि जुलैत मुले किती पाण्यात आहेत ते पाहावे म्हणून सराव चाचणी घेतली. बारावीच्या वर्गात बेचाळीस मुले होती. एकतीस तरली, अकरा बुडाली.

आता ज्यांच्यासाठी योजना आली ती हीच अकरा मुले. एवढे सरळ आहे. पण मुख्याध्यापकांनी त्या अकरांच्या नावांपुढे पेन्सिलीने खुणा केल्या आणि एकेकाच्या पालकांना बोलावून घेतले.

आपल्याकडे सतरा नंबरचा अर्ज नावाची एक सोय आहे. ज्याला शाळेत नाव ठेवणे शक्य नाही, जो नोकरी करतो, जिचे शिक्षण मध्येच तुटले, त्याने तो भरून बाहेरून परीक्षेला बसावे, अशी ती सोय. ती ज्या दयेने निर्माण झाली तिला नमस्कारच केला पाहिजे. परंतु निकाल सांभाळणाऱ्या शाळांना तिचा दुसरा उपयोग फार पूर्वीच सापडला आहे. कच्चे मूल शाळेतून काढायचे, सतरा नंबर भरायला लावायचे, आणि ते नापास झाले तरी शाळेच्या निकालाला डाग लागत नाही.

त्या अकरांत करिश्मा जगधने नावाची मुलगी होती. तिला नर्स व्हायचे होते. जीवशास्त्रात ती बरी होती, इंग्रजीत पार आडवी. गाव दूर असल्याने ती तालुक्याच्या शासकीय वसतिगृहात राहत असे. तिचे वडील मालवाहू रिक्षा चालवत. ते मुख्याध्यापकांसमोर उभेच राहिले.

"बसा की," मुख्याध्यापक म्हणाले. "काळजीचं काही नाही. परीक्षा तीच, सर्टिफिकेट तेच. फक्त रोज यायचं बंधन नाही. घरी निवांत अभ्यास करील."

"इथं कुणीतरी शिकवतंय, सर. घरी कोण शिकवणार?"

"तिच्या भल्यासाठीच सांगतोय. इथं ती मागे पडते, मनाला लावून घेते."

"ती कुठं काय बोलली तसं?"

मुख्याध्यापकांनी अर्ज पुढे सरकवला. त्यावर 'स्वेच्छेने' हा शब्द आधीच टंकलेला होता. वडिलांनी सही केली. माणूस शाळेत आला की सही करतोच, ही आपल्याकडची फार जुनी सवय आहे.

शाळा सोडल्याचा दाखला निघाला तशी वसतिगृहातली खाट गेली, कारण तिथे राहायला शाळेचे बोनाफाईड लागते. खाट गेली तशी मुलगी गावी गेली. सतरा नंबरचा अर्ज भरायला पुन्हा तालुक्याला यावे लागले असते. वडिलांचा त्या महिन्यात रिक्षेच्या पासिंगसाठी नुसता धावपळीत वेळ गेला, आणि मुदत टळली. अकरांपैकी सात जणांचे थोड्याफार फरकाने असेच झाले. मुख्याध्यापकांना हे ठाऊक नव्हते. त्यांनी विचारले नव्हते, म्हणून ठाऊक नव्हते.

जानेवारीत चाचणीचा दिवस आला. नियम असा होता की परीक्षक शाळेबाहेरचा, निवृत्त आणि निःपक्ष शिक्षक असावा. मुख्याध्यापकांनी क्षणाचाही विचार न करता आपल्या गुरुजींचे नाव सुचवले. हे गुरुजी म्हणजे तालुक्यातले मोठे नाव. वय अठ्ठ्याहत्तर, नजर शाबूत, आणि त्यांच्या हाताखाली सलग नऊ वर्षे शंभर टक्के निकाल लागल्याची ख्याती अजून लोकांच्या तोंडी होती. त्यांची सही असल्यावर शंका कोण घेणार?

गुरुजी सकाळी अकराला आले. त्यांनी आधी जुलैचे हजेरीपत्रक मागितले. शिपायाने ते आणून दिले. गुरुजींनी ते उभ्यानेच चाळले, मग सभागृहात मांडलेली बाके मोजली आणि शिपायाला म्हणाले, "अजून अकरा बाकं आण."

बाके आली. गुरुजींनी बेचाळीस बाकांवर बेचाळीस प्रश्नपत्रिका आणि बेचाळीस उत्तरपत्रिका ठेवल्या. रिकाम्या बाकांवरच्या उत्तरपत्रिकांवर त्यांनी हजेरीपत्रकात पाहून एकेक नाव स्वतःच्या हाताने लिहिले. मुलांनी एकमेकांकडे पाहिले. कुणी हसले नाही. दोन तासांनी गुरुजींनी भरलेल्या एकतीस आणि कोऱ्या अकरा उत्तरपत्रिका एकाच गठ्ठ्यात बांधल्या. दुसऱ्या दिवशी निकालाचा तक्ता तयार झाला तेव्हा त्यात लिहिले होते: एकूण बेचाळीस, उत्तीर्ण एकतीस, शून्य गुण अकरा. खाली गुरुजींची सही. एक प्रत त्यांनी जिल्ह्याला रवानाही केली होती.

मुख्याध्यापक तक्ता घेऊन गुरुजींच्या घरी गेले. आयुष्यात पहिल्यांदाच ते पायांना हात न लावता समोर बसले.

"गुरुजी, रिकाम्या बाकांना कुणी शून्य देतं का?"

"बाकांना नाही दिलं."

"ती मुलं आमच्या शाळेत नाहीत. त्यांनी स्वतः दाखले नेलेत. माझ्याकडे सह्या आहेत."

"असतील. तू तक्त्याचा दुसरा रकाना वाचलास?"

दुसऱ्या रकान्यात छापले होते, 'वर्षारंभी पटावर असलेले विद्यार्थी'. तसा रकाना मुख्याध्यापकांनी इतर तक्त्यांत अनेकदा भरला होता. त्यात जे हजर असतील त्यांचाच आकडा टाकायचा, अशी रीत सगळीकडे होती.

"सगळे तसंच भरतात," ते म्हणाले. "मी एकट्यानं काय पाप केलं? अनुदान जाईल आता. ते दोन शिक्षक जातील. पुढच्या वर्षीच्या पोरांचं काय?" आणि मग त्यांचा आवाज चढला. "मला माहितीय तुम्ही काय सांगणार. मी पण कच्चा होतो, तुम्ही मला सांभाळून घेतलंत, हेच ना?"

"छे," गुरुजी म्हणाले. "तू कधीच कच्चा नव्हतास. पहिल्या बाकावर बसायचास. म्हणूनच वर्गातनं उठवलं जाणं म्हणजे काय, ते तुला ठाऊक नाही."

त्यांनी तक्ता घडी घालून बाजूला ठेवला. मग बोलले ते अगदी सावकाश.

"हे बघ विश्वनाथ. एका गावच्या दवाखान्याला औषधं आली. सांगितलं होतं, वर्षाअखेर रुग्ण किती बरे झाले ते पाहू. वैद्यानं काय केलं, आजारी होते त्यांना घरी पाठवलं, धडधाकट माणसं खाटांवर निजवली, आणि औषधं त्यांना पाजली. वर्षाअखेर सगळेच बरे. वैद्याचा सत्कार झाला. घरी गेलेल्यांचं काय झालं, हे कुणी विचारलं नाही, कारण ते रुग्णच राहिले नव्हते. हा वैद्य कोण, ओळखलंस?"

"मी," मुख्याध्यापक खाली पाहून म्हणाले.

"नाही रे. मी. नऊ वर्षं शंभर टक्के निकाल लावला ना मी? दरवर्षी दिवाळीआधी पाच-सहा पोरांना घरी पाठवायचो. कुणाच्या बापाला सांगायचो, शेतीला हातभार लागेल. कुणाच्या आईला सांगायचो, पोरीचं लग्नाचं वय झालं. तू त्याच वर्गात बसला होतास. मागची बाकं दिवाळीनंतर रिकामी का होतात, हे तू मला कधी विचारलं नाहीस, आणि मी कुणाला कळू दिलं नाही. तुला वाटलं चांगली शाळा अशीच चालवतात. ते तू माझ्याकडूनच शिकलास. मला त्यातल्या एकाही पोराचं नाव आज आठवत नाही. म्हणून काल ती अकरा नावं लिहून घेतली. ते शून्य त्या लेकरांना नाही दिलं. ते तुला आणि मला आहे."

मुख्याध्यापकांना समजले, आणि ते समजणे फार कडू होते. तीस वर्षे ज्या माणसाला मनात देवासारखे ठेवले, तोच समोर बसून सांगत होता की पूजा चुकीच्या गोष्टीची झाली.

अनुदान गेले. दोन शिक्षकही गेले. शेजारच्या तालुक्यातल्या विद्यालयाचा निकाल शंभर टक्के लागला आणि तिथले अनुदान पुढे चालू राहिले. तिथल्या दुसऱ्या रकान्यात काय लिहिले होते ते मी सांगायला नको. गावात लोक म्हणाले, म्हाताऱ्याचे डोके फिरले, शाळेचे वाटोळे केले. खरे सांगायचे तर मलाही त्यांचा राग येतो. पश्चात्ताप त्यांचा, आणि किंमत मोजली पुढच्या वर्षीच्या मुलांनी. पण त्यांनी त्या बेचाळिसांच्या तक्त्यावर सही केली नसती तर ती अकरा नावे पुन्हा कुणी उच्चारलीही नसती, हेही तितकेच खरे आहे.

मे महिन्यात मुख्याध्यापक त्या अकरा घरी गेले. कुणी कामाला शहरात गेला होता. एकीचे लग्न झाले होते. एका घरी त्यांना पाणी दिले आणि मुलाला बाहेर बोलावलेच नाही. करिश्मा खारी-टोस्टच्या कारखान्यात पुडे भरत होती. दुपारच्या सुट्टीत ती फाटकाशी आली. केसांवर मैदा होता.

"करिश्मा, नाव परत लावतो. वसतिगृहाचं पत्रही मीच देतो," मुख्याध्यापक म्हणाले. "जूनपासून ये. इंग्रजी मी स्वतः घेईन."

तिने जरा विचार केला. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच त्यांना सोसले नाही.

"सर, शाळेचं अनुदान गेलं म्हणतात. खरंय का?"

"हो. गेलं."

"परत मिळणार नाही?"

"नाही."

"मग येते," ती म्हणाली. "आता मला काढायचं काही कारण उरलं नाही तुम्हाला."

मुख्याध्यापक फाटकाचा गज धरून उभे राहिले. भोंगा झाला तशी ती आत गेली.

जूनमध्ये ती आली. अकरांतली ती एकटीच आली.