नगाऱ्याच्या पोटातले पान

एका राज्यात, ज्याचे नाव मी सांगणार नाही, कारण सांगितले की तुम्ही लगेच तिथले पाहुणे निघाल, शंभर पायऱ्यांचा महाल होता. महालात विजयकेतू राजा राहत होता. राजा भला, भूक चांगली, झोप त्याहून चांगली. दुःख एकच. त्या घराण्यात राज्याचे बारावे वर्ष लागले की महाल जमिनीत खचू लागे. रोज सूर्योदयाला एक पायरी. शंभरावी गेली की महाल, सिंहासन आणि वर बसलेला राजा, सगळे मातीखाली. असे आठ राजे गेले. एकजण पळाला होता, पण तो ज्या वडाखाली टेकला तो वडच त्याच्यासकट खचला. आणि लोक दर वेळी त्याच जागी नवा महाल बांधीत. शहाणे लोक! तुमच्या गावचेच असावेत.

असे का होई? ऐका. त्या राज्याची एक बखर होती. ती लिहिणारा मूळ पुरुष अर्धा कारकून, अर्धा मांत्रिक. राज्याभिषेकाच्या दिवशी दर साली चौकात बखर मोठ्याने वाचायची, अशी रीत. विजय आला की फुले उधळायची. कुणा राजाची पडती आली की नगारा बडवायचा, इतका की वाचणाऱ्याचे वाचणाऱ्यालाही ऐकू येऊ नये. पडती ऐकणे अशुभ ना! त्या कारकुनाला राग आला. त्याने पहिल्या पानावर शाप लिहून ठेवला: ‘जी पडती ऐकणार नाही, ती पुन्हा भोगाल.’ पण पोथीचे पहिले पान कोण वाचतो? तुम्ही वाचता? मग राजाला हसू नका.

तर विजयकेतूचे बारावे वर्ष लागले. एक्क्याण्णव पायऱ्या गेल्या, नऊ उरल्या. राजाने प्रधानाला बोलावले.

प्रधान म्हणाला, “महाराज, महाल खचत नाही. आपल्या पुण्याईने जमीन वर येते आहे.”

“प्रधानजी, आपण हल्ली राहता कुठे?”

“डोंगरावर, महाराज. हवा फार चांगली आहे.”

तेवढ्यात धाकू नगारची पुढे आला. वय सत्तर, एक कान नगाऱ्याने नेलेला, दुसरा जायच्या वाटेवर.

“एक सांगू का महाराज? मारणार नाही ना?”

“सांग.”

“मी नगाऱ्यापाशी उभा असतो, बखर माझ्या नाकासमोर. पडतीची पानं कोरी आहेत. मला वाचता येत नाही, पण कोरं पान ओळखता येतं.”

“मग वाचणारा काय वाचतो?”

“ओठ हलवतो. नगारा वाजतोय, कुणाला काय कळतंय!”

राजाने बखर उघडवली आणि पहिल्या पानावरचा शाप प्रथमच वाचला. पडतीची पाने खरेच कोरी. अक्षरे निघून गेली होती. आता सुनेचे कुणी ऐकत नसले की ती माहेरी जाते, अक्षरांनी तरी का थांबावे?

“कुठे गेली असतील?”

धाकू म्हणाला, “मला काय ठाऊक! पण ती टिटवी रोज सकाळी महालावरून ओरडत जाते. शिपाई दगड मारतात तिला. ती काय ओरडते, विचारलंय कुणी?”

राजा बखर आणि छत्र काखेत मारून एकटाच माळावर गेला. खड्यांत चार ठिपक्यांची अंडी, आणि शेजारी एका पायावर टिटवी.

टिटवी म्हणाली, “आलास? आठ राजांच्या डोक्यावर ओरडले. एकाने मान वर केली नाही.”

“टिटवीबाई, अक्षरे द्या.”

“देईन. आज ऊन जबर आहे. माझ्या अंड्यांवर सूर्य मावळेपर्यंत सावली धर.”

ज्याच्या डोक्यावर जन्मभर छत्र धरले, त्याने चार अंड्यांवर छत्र धरले. हात भरून आले, मान भाजली. अंड्यांनी आभार मानले नाहीत. सांजावता टिटवीने पंख झाडला, तशी अक्षरे पंख फुटलेल्या मुंग्यांसारखी उडाली आणि पानावर बसली. राजाने वाचले: ‘पहिला राजा लढाई जिंकून आला. मिरवणूक दिसावी म्हणून त्याने शंभर हत्ती ओल्या बंधाऱ्यावरून नेले. बंधारा फुटला. आपलेच शेत, आपलीच सेना वाहून गेली, आणि भिजल्या जमिनीत महाल राजासकट खचला.’

टिटवी म्हणाली, “पुढचे पान तळ्यातल्या कासवाकडे. ते जरा तऱ्हेवाईक आहे.”

तळे तीन दिवसांच्या वाटेवर. कासवाने डोके वर काढले. “कोण?”

“मी रणधुरंधर, शत्रुकाळ, समुद्रवलयांकित...”

कासव बुडाले ते दुसऱ्या दिवशी वर आले. “कोण?”

“मी महाराज विजयकेतू.”

पुन्हा बुडाले. तिसऱ्या दिवशी राजा गुडघाभर चिखलात उभा होता, मिशीला शेवाळ लागले होते.

“कोण?”

“मी गुंडू. मैनाबाईंचा.”

“हां, आता कसं!” कासव म्हणाले आणि त्याने पाठ उलटी करून अक्षरे पानावर ओतली. ‘पाचव्या राजाला एकशे आठ बिरुदे होती. शेवटची पायरी खचते आहे हे सांगायला पहारेकरी धावत आला. पण आधी बिरुदे म्हणायची आज्ञा होती. एकशे आठवे म्हणून होईतो ऐकणारे कुणी वर उरले नव्हते.’ मधले तिघे नि नंतरचे दोघेही त्याच पानावर होते, तेही असेच गेले. सगळे सांगत बसलो तर तुम्ही घोराल.

“तिसरे पान?”

“तुझ्या घरीच आहे,” कासव म्हणाले. “नगाऱ्याच्या पोटात. नगाऱ्याने ते गिळले आहे. तुझ्या बापाचे आहे.”

राजा परतला तेव्हा एकच पायरी उरली होती. उद्याच्या सूर्योदयाला तीही जायची. त्याने भर दुपारी चौकात सारी रयत जमवली आणि कट्यार हाती घेतली.

प्रधान किंचाळला, “महाराज! नगारा फोडलात तर राज्याची इभ्रत!”

“इभ्रत एका पायरीवर उभी आहे, प्रधानजी.”

पण बोलून राजाचा हात थांबला. बाप गेला तेव्हा तो सहा महिन्यांचा होता. ‘थोरले महाराज विजययात्रेस स्वर्गी गेले,’ एवढेच त्याला ठाऊक. पोटातून निघालेला बाप भित्रा निघाला तर? साऱ्या रयतेसमोर? आणि आईसमोर? त्याने आईकडे पाहिले. थोरल्या राणीसाहेब मैनावती जात्यावरच्या बाईसारख्या मांडी घालून पुढेच बसल्या होत्या.

“फोड बाबा,” त्या म्हणाल्या. “तीस वर्षं त्यांच्या पानाशी नगारा ऐकते आहे. एकदा माणसाचं ऐकू दे.”

राजाने कट्यार चालवली. कातडे फाटले. आतून अक्षरे आली नाहीत, आवाज आला. थकलेला, जरा घोगरा.

“मी पायऱ्या मोजत होतो. रोज. कुणाला सांगितले नाही, लाज वाटली. मैनेला बाळासकट माहेरी धाडले. म्हटले, चार दिवस आंबे खाऊन या. नगारच्याला म्हटले, जोरात वाजव. मग एकटा बसून राहिलो. भीती फार वाटली.”

चौकातले सगळे राणीसाहेबांकडे पाहू लागले.

“एवढंच?” मैनावती म्हणाल्या. “अहो, मला सांगायचंत की! झोपडीत राहिलो असतो. आणि आंबे तर मेले आंबट होते.”

असे म्हणून त्यांनी पदराने डोळे पुसले. लोक हसले, आणि जे हसले त्यांचेच डोळे भरले. धाकूच्या गेलेल्या कानालाही ते ऐकू आले, असे तो अजून शपथेवर सांगतो.

मग तेच शब्द तिसऱ्या पानावर उमटले आणि राजाने तिन्ही पाने खणखणीत वाचली. शेवटी लेखणी मागून चौथे लिहिले आणि तेही वाचले: ‘नववा राजा विजयकेतू. एक्क्याण्णव पायऱ्या गेल्या तरी गप्प होता.’ राजाची पडती राजा जिवंत असताना लिहिली गेली, ही त्या राज्यातली पहिलीच खेप.

दुसऱ्या दिवशी सूर्य वर आला. पायरी जागची हलली नाही. जमिनीने एक मोठी ढेकर दिली आणि महाल वर येऊ लागला. दहा, वीस, पन्नास, नव्याण्णव. सर्वांत खालची शंभरावी पायरी निघाली, तिच्यावर खालच्या बुडालेल्या महालाच्या दारातून वर आलेल्या थोरल्या महाराजांच्या खडावा होत्या. शेजारी शेजारी, नीट काढून ठेवलेल्या.

मैनावतींनी त्या उचलल्या, माती झटकली आणि म्हणाल्या, “महाल बुडतोय, तरी दारात काढून ठेवल्या. माझा धाक हो!”

आता तिथे सगळे जागच्या जागी आहे. पडतीचे पान आले की धाकू हात वर करून चौक गप्प करतो. फुटक्या नगाऱ्याचा सांगाडा माळावर उपडा ठेवला आहे, टिटवीच्या अंड्यांना सावली होते. प्रधानजी डोंगरावरून खाली आले आहेत. रोज पहाटे पायऱ्या मोजायच्या आणि आकडा ओरडून सांगायचा, हे काम त्यांच्याकडे. काल शंभर भरल्या. आजच्याही भरल्याच असतील, कारण मी इथे निवांत बसलो आहे, तुम्हीही बसला आहात, आणि आपल्याखालची जमीन काही कुरकुरली नाही.