वेळणगडाचा हुंकार

आधीच सांगतो, शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ निघतील. शाळा नववीत सुटली ती सुटलीच, आणि शब्द आम्ही घरात बोलतो तेच आहेत. गडावर येणाऱ्या मंडळींना ही गोष्ट आमच्या वाडीचे धाकूतात्या सांगतात. त्यांचा आवाज आता बसत चालला आहे, म्हणून लिहून काढली. कुठे अडखळली तर तो दोष लिहिणाऱ्याचा, गोष्टीचा नव्हे.

वेळणगडाच्या दरवाज्याला दारे नाहीत. दोन्ही बुरूज शाबूत आहेत, वरची कमान शाबूत आहे, अडसराची खोबण तर अशी गुळगुळीत की काल कोणी अडसर ओढला असावा. पण दारे नाहीत. दरवाज्यातून आत गेले की डाव्या हाताला मोडकी सदर लागते आणि सदरेच्या टोकाला माणसाएवढा एक काळा खडक. खडकाला मधोमध चीर आहे. उतरत्या उन्हात दरीतून वारा चढू लागला की त्या चिरेतून आवाज येतो, हं... हं... हं. कोणी गोष्ट सांगत असावे आणि समोर बसलेल्याने मान हलवावी, तसा. पाहुणे दचकतात. तात्या म्हणतात, "घाबरू नका. तो किल्लेदार आहे. गोष्ट ऐकायला बसलाय."

फार पूर्वी या मुलखात सटवाजी नावाचा कथेकरी होऊन गेला, असे सांगतात. रघूबुवा नावाच्या आंधळ्या म्हाताऱ्याने त्याला ही विद्या दिली. विद्या देताना बुवांनी एकच शपथ घातली होती. समोरचा माणूस हुंकार देतोय तोवर गोष्ट टाकून उठायचे नाही. ज्या दिवशी हुंकार चालू असताना उठशील, त्या दिवशी जीभ लुळी पडेल. सटवाजीने बुवांच्या पायावर हात ठेवून ती शपथ घेतली. तेव्हा तो तरणा होता, आणि ऐकणारे नेहमीच आपल्याआधी पेंगतात असे त्याला वाटत होते.

गोष्ट रंगवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याच्याकडे साळुंकीची गोष्ट होती, बुडालेल्या गावाची होती, पाणी शोधायला निघालेल्या धाकट्या सुनेची होती. पण त्याचा सगळ्यांत लाडका होता तो एक शब्द. तेवढ्यात. सून विहिरीच्या काठावर वाकली, तेवढ्यात... एवढे म्हणून तो पानाला चुना लावत बसे आणि माणसे जागच्या जागी खिळून राहत. या शब्दाचा त्याला मोठा अभिमान होता. चिमाला, म्हणजे त्याच्या बायकोला, तो शब्द आवडत नसे. पहिल्या खेपेला ती अडली तेव्हा सटवाजी तीन गावे पलीकडे कोणाच्या तरी ओसरीवर 'तेवढ्यात' म्हणत बसला होता. तो घरी पोचला तेव्हा मूल जन्मलेही होते.

दुसऱ्या खेपेला ती एवढेच म्हणाली, "शिमग्याच्या आत या. या वेळी मला एकटीला टाकू नका."

"आलोच," तो म्हणाला, आणि दिवाळी सरता सरता वेळणगड चढला. किल्लेदाराचे बोलावणे आले होते.

किल्लेदार हैबतराव एकटा माणूस होता. गड सोडू नये असा त्याला वरून हुकूम होता, आणि गडावर ना लढाई येत होती, ना पाहुणा. तिथली शांतता त्याला खायला उठे. त्याने गडाच्या देवीपुढे बेलभंडारा उचलून सगळ्यांच्या देखत शब्द दिला, "गोष्ट सांग. गोष्ट संपली की दरवाजा तुला मोकळा. तुला कोणी अडवणार नाही."

सटवाजीला वाटले, यात काय आहे.

सदरेवर बैठक बसली. स्वतः हुंकार देणे किल्लेदाराला कमीपणाचे वाटे. म्हणून त्याने ते काम दरवाज्यावरच्या पहारेकऱ्याला लावून दिले. त्याचे नाव म्हादू. तो घाटाखालचा, कोकणातला. दिवसभर दरवाजा राखायचा आणि दुपार कलली की सदरेच्या पायरीवर बसून हं म्हणायचे, असा त्याला हुकूम झाला. सूर्य डोंगराला टेकला की तो हं म्हणतच उठे, दारे ओढून अडसर सारी आणि हं म्हणतच परत येऊन बसे. एकदा अडसर पडला की सकाळपर्यंत मुंगीलाही वाट नव्हती.

सटवाजीने पहिली गोष्ट संपवली. "आणि सगळे सुखाने नांदू लागले," तो म्हणाला.

"हं," म्हादू म्हणाला.

"नांदू लागले, मग?" किल्लेदार म्हणाला.

"मग काही नाही सरकार. संपली."

"संपली कशी? तो हुंकार देतोय की."

तेव्हा सटवाजीला कळले की आपण कशात पाय घातला. त्याच्या शपथेची बातमी त्याच्याआधीच गडावर पोचली होती. रात्री किल्लेदार स्वतःच 'उरलेली उद्या' म्हणून बैठक उठवी, पण गोष्ट संपलेली नसे, आणि ती टाकून गड उतरणे म्हणजे शपथ मोडणे.

त्याने आपल्या विद्येतले सगळे करून पाहिले. गोष्ट कंटाळवाणी केली, एका घोड्याच्या खोगिराचे वर्णन दुपारभर लांबवले. किल्लेदार म्हणाला, "छान. लगाम कसा होता?" त्याने गोष्टीतला राजा मारला, राणी मारली, प्रधान, हत्ती, माहूत, सगळ्यांना एका रोगात मारून टाकले. किल्लेदाराने विचारले, "मग त्यांना अग्नी कोणी दिला?" आणि पायरीवरून म्हादूचे हं येतच राहिले, घाण्याच्या बैलाच्या पावलासारखे. शेवटी वैतागून सटवाजी म्हणाला, "राजाने डोंगर उचलून मिशीला लावला आणि हत्ती ताकात बुडवून खाल्ला."

"हं," म्हादू म्हणाला.

"ताकात?" किल्लेदाराने डोळे मिटूनच विचारले. "बरं. पुढे?"

त्या दिवशी सटवाजीला दोन गोष्टी उमगल्या, असे तात्या सांगतात. किल्लेदाराला गोष्ट नको होती, त्याला फक्त ती थांबायला नको होती. आणि म्हादूच्या तोंडातून हुंकार येत होता, पण त्याच्या कानात काही जात नव्हते. न ऐकता दिलेला हुंकार खरा धरायचा की नाही, हे बुवांनी सांगितले नव्हते. आता विचारावे तर बुवा हयात नव्हते. आणि जीभ पणाला लावून पाहण्याची सटवाजीची छाती नव्हती. जीभ गेली तर घरी जाऊन चिमाला हाक तरी कशी मारणार?

थंडी सरली. तटावरून खाली पाहिले की रानात पळस पेटलेला दिसू लागला. पळस फुलला म्हणजे शिमगा आला. सटवाजी रोज सकाळी तटावर उभा राही आणि तो लाल रंग वर वर सरकताना पाही. दरवाजा दिवसभर उघडा असे. त्यातून लाकडाच्या मोळ्या येत, दूधवाल्या जात, शेळ्या जात. एकटा तोच तेवढा आत. त्याला कोणी बांधले नव्हते. त्याच्याच विद्येने त्याला कोंडले होते, आणि कडी आतून होती.

अशाच एका सकाळी तो दरवाज्यात म्हादूजवळ जाऊन बसला. इतके दिवस हा माणूस समोर होता, पण त्याच्याशी तो एक शब्द बोलला नव्हता.

"म्हादबा, काल काय सांगितलं मी?"

म्हादू लाजला. "हत्ती होता ना, बुवा?"

"हत्ती परवा होता."

"मग नाय ठाऊक. रागवू नका. तुमच्या राजांचं मला काय कळत नाय. तुम्ही सांगता तेव्हा मी घरचं बघत बसतो."

"घरी कोण असतं?"

"आय असते. असली तर." म्हादू भाल्याच्या टोकाने मातीत रेघा ओढू लागला. "रजा मागितली की सरकार म्हणतात, पुढच्या साली. दरवाजा कोण लावील? रोज मीच उघडतो, मीच लावतो, आणि मलाच जाता येत नाय. हाय का नाय गंमत?"

सटवाजी हसला नाही. तो विचारत गेला, म्हादू सांगत गेला. वाट कुठून उतरते, ओढा कुठे लागतो, फणस कोणत्या अंगाला, आई कोणत्या वेळी अंगण सारवते. सटवाजीने आजवर हजारो माणसांना गोष्टी ऐकवल्या होत्या. एखाद्याला विचारून घेतलेली ही पहिलीच.

दुपार कलली. बैठक बसली. सटवाजी म्हणाला, "एक माणूस घरी निघाला."

"हं," म्हादू म्हणाला.

राजा नाही, राक्षस नाही. सटवाजी नुसती वाट सांगू लागला. घाटाची पायवाट, तिथे पायाखाली घरंगळणारे खडे. करवंदीच्या जाळीत अडकलेले धोतर. 'तेवढ्यात' त्याने एकदाही म्हटले नाही. तो शब्द त्याने गिळून टाकला, आणि त्याला आश्चर्य वाटले की त्याच्याविना गोष्ट चालते आहे, उलट जास्त भरभर चालते आहे. माणूस ओढ्यात उतरला. पाणी पिंढरीला गार लागले.

"हं," म्हादू म्हणाला, पण या वेळी उशिरा.

माणसाने काटेरी कुंपणाची कवाडी उचलून बाजूला ठेवली. ती उजव्या अंगाला घासते, म्हणून जरा वर उचलावी लागते. फणसाला खालपासून फळ धरले होते. अंगण ओले होते, शेणाचा ताजा वास येत होता.

म्हादू हं म्हणाला नाही, त्याने नुसता श्वास घेतला. सूर्य डोंगराला टेकला होता. दारे ओढायची वेळ झाली होती, आणि तो उठला नव्हता. किल्लेदाराने डोळे उघडले.

"माणूस अंगणात उभा राहिला," सटवाजी म्हणाला. "ओल्या अंगणात बोटांचे वळ होते. दार नुसते लोटलेले होते. त्याने दाराला हात लावला. आत..."

आणि तो थांबला.

पायरीवर बसलेला म्हादू उभा राहिला. त्याने हात पुढे केला, दार लोटावे तसा, आणि मोठ्याने हाक मारली, "आये!"

हुंकार तुटला. त्याच्या जागी ऐकणाऱ्याचा स्वतःचा शब्द आला होता. सटवाजीने जीभ दातांवरून फिरवून पाहिली. जीभ जागेवर होती.

"पुढे?" किल्लेदार ओरडला. "आत कोण होतं? आहे का ती म्हातारी?"

"मला ठाऊक नाही सरकार."

"मग गोष्ट अर्धी राहिली!"

"अर्धी नाही," सटवाजी उठत म्हणाला. "माझ्याकडची संपली. आता ती याच्याकडे गेली. पुढचं यानं जाऊन बघायचं."

देवीपुढे दिलेला शब्द किल्लेदाराला मोडता येईना. सटवाजी दरवाज्याकडे निघाला, आणि त्याच्यामागे म्हादू. म्हादूने भाला भिंतीला टेकवला. अडसराला त्याने हात लावला नाही. कमानीखाली दोघांनी आपापल्या घरच्या माणसाला हाक मारली, मग एकाने घाटाखालची वाट धरली, दुसऱ्याने देशावरची. मागून किल्लेदाराचा आवाज आला. आजवर ज्याने स्वतः कधी हुंकार दिला नव्हता, तो आता पायरीवर येऊन बसला होता आणि म्हणत होता, "हं... हं..." हुंकार दिला तर कथेकऱ्याला परत यावेच लागेल, असे त्याला वाटले. पण ती गोष्ट त्याची नव्हती. तो हं म्हणत तिथेच बसून राहिला आणि त्याचा खडक झाला, म्हणे. गडाची दारे त्या दिवसानंतर कोणी लावली नाहीत. ती उन्हापावसात कुजून गेली.

आजही दरवाज्यातून खाली उतरताना वाडीतला माणूस कमानीखाली क्षणभर थांबतो आणि घरी जो कोणी वाट पाहत असेल त्याला हाक मारतो. मोळी घेऊन उतरणाऱ्या बाया पोरांना हाका मारतात. पाहुण्यांना आधी हसू येते. मग त्यांच्यातला एखादा कोणाचे तरी नाव हळूच घेतो, एखाद्याला पटकन कोणाचे घ्यावे ते सुचत नाही, आणि त्याच्या मागची माणसे गुपचूप खोळंबून राहतात. खडकाजवळ मात्र आजही कोणी गोष्ट सुरू करत नाही. तिथे हुंकार कधी थांबत नाही.

तात्या इथवर येऊन काठी उचलतात. गेल्या माघात एक बाई त्यांना उठू देईनात. "तात्या, असं अर्ध्यावर नाही हं. सटवाजीचं काय झालं? त्याचं मूल?"

तात्या हसले. "कमानीखाली त्यानं कोणाला हाक मारली असेल?"

"चिमाला," बाई म्हणाल्या.

"मग पोचला असणारच," तात्या म्हणाले, आणि उरलेले सांगितले.

सटवाजी शिमग्याच्या आदल्या दिवशी आपल्या अंगणात येऊन उभा राहिला. दार लोटलेले होते. दुसऱ्याला त्याने जिथे आणून सोडले होते, तिथेच आता तो स्वतः उभा होता, आणि आत काय आहे हे त्याला रंगवता येईना. त्याने हाक मारली. आतून आधी बाळाचे रडणे आले आणि मग चिमाचा आवाज, "आलात? हळू बोला, आत्ता कुठं डोळा लागत होता तिचा."

त्या दिवशी चिमा थकली होती, फारसे बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी तिच्या कुशीत झोपली होती, आणि ती सांगू लागली. कळा कधी सुरू झाल्या, सुईणीला बोलवायला कोण धावले, पाणी तापायला किती वेळ लागला, आणि दाराकडे तिची नजर कितीदा गेली. सटवाजी उंबऱ्याशी खाली बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने दुसऱ्याच्या गोष्टीला हुंकार दिला, आणि तिचे सगळे सांगून होईपर्यंत तो जागचा उठला नाही.