तीन सुया आणि तांबडी माती

“मग टोचलं होतं तरी काय, वस्ताद? पाणी?”

हर्षला आली ती चपलांसकट थेट तालमीतल्या हौद्याच्या काठाशी. बारा वर्षांनी! आता ती डॉक्टर. पण चौदाव्या वर्षापर्यंत याच तांबड्या मातीत तिनं भल्याभल्या पोरांना चीत केलेलं. मी खोऱ्यानं माती उकरत होतो, तो तसाच थांबलो.

इलाही वस्ताद मातीत लिंबू पिळत होते. त्यांनी नुसतं तिच्या पायांकडं बघितलं.

तिनं जीभ चावली. चपला काढल्या.

“आता बोल.”

“पंधरा दिवसांपूर्वी ऑपरेशनच्या वेळी पेशंटला लागलेली सुई माझ्या बोटात घुसली. त्याला हिपॅटायटिस बी. लिव्हर खाणारी कावीळ. माझं रक्त तपासलं, तर तिच्याशी लढायची ताकद जवळजवळ शून्य! लहानपणी तुम्ही आम्हाला तिच्या लशीच्या तीन-तीन सुया टोचून घ्यायला लावल्या होत्या ना?”

“लावल्या.”

“मग गेल्या कुठं त्या?”

वस्तादांनी दुसरं लिंबू घेतलं…

माझं मात्र टाळकं सरकलं. त्या सुयांचं मला विचारा. पूर्वी कुस्तीच्या आदल्या दिवशी आमच्या तालमीतले सगळे पैलवान एकाच पात्यानं डोकं भादरून घ्यायचे. एका मातीतली पोरं, वेगळं पातं कशाला, असं म्हणायचो आम्ही. माझा थोरला भाऊ रावसाहेब त्या पात्यावरून आलेल्या याच काविळीनं गेला. तेव्हापासून वस्तादांचा नियम: तीन सुया झाल्याशिवाय पोरानं मातीत उतरायचं नाही. स्वतः दवाखान्यात नेऊन रांगेत उभं करायचे. रडणाऱ्याला आधी गूळ, मग दम.

“परत एक डोस टोचलाय,” हर्षला म्हणाली. आता आवाज उतरला होता. “आज दुसरा रिपोर्ट यायचाय. खोलीत बसवेना, म्हणून आले. भीती वाटते हो. ऑपरेशनला उभं राहायचं म्हटलं की हात कापतात. सोडून द्यावं म्हणते सगळं.”

“कुस्ती आठवती?”

“छे.”

“एकबी डाव?”

“एकही नाही. अहो, मी काय सांगतेय आणि तुम्ही…”

वस्तादांनी तिचं मनगट धरलं आणि खाली हिसका दिला.

माणूस पंच्याहत्तरीचा, पण पकड तीच.

हर्षलाचे पाय फाकले. कंबर खाली गेली, कोपर फिरलं, मनगट सुटलं. दुसरा हात वस्तादांच्या मानेवर जाऊन बसलेला! लिंबं मातीत गडगडली.

ती आपल्याच हाताकडं बघत राहिली.

“विसरलीस म्हनं.”

“मी… मी काहीच केलं नाही, वस्ताद.”

“व्हय. तू न्हाईच केलंस.”

…

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिच्या मोठ्या मॅडमचा. ती नुसती ‘हो, हो’ करत होती. फोन ठेवला आणि चांगल्या कपड्यांनिशी मातीतच बसली.

“काय झालं गं?” मला धीर निघेना.

“रक्तातल्या ताकदीचं माप दहा असलं तरी पुरतं, काका. आठशे आलंय.” ती हसत होती की रडत होती, कळेना. “मॅडम म्हणाल्या, नव्या माणसाला एका सुईत एवढं येत नाही. रक्तातलं ओसरलं होतं, पण अंगाची ओळख गेली नव्हती. पुढं एकदा तपासून घेऊ, पण घाबरू नको. उद्या कामावर ये म्हणाल्या.”

“मग जातीस का?” वस्तादांनी विचारलं.

तिनं हात पुढं धरले. कापत नव्हते.

“जाते.”

मला रावसाहेब आठवला. त्याला मिळालं नाही ते या पोरीला मिळालं, आणि ते त्याच्यामुळं मिळालं. खरं सांगतो, डोळे भरून आले. हातातलं खोरं खाली ठेवून मी वस्तादांना हात जोडले. त्यांनी बघितलंच नाही. ते वाकून लिंबं गोळा करत होते.

हर्षलानं चिमूटभर माती कपाळाला लावली, मग त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

“चुकलं माझं, वस्ताद. तोंडाला येईल ते बोलले. आता नाही विसरणार तुम्हाला. दर महिन्याला येते की नाही बघा.”

वस्तादांनी एका लिंबावरची माती फुंकली.

“कशाला? खुशाल विसर.”